टाकीवरचा आकडा

बोट सुटायला अजून वेळ होता. डेकवर पाण्याखाली श्वासासाठी न्यायच्या वायूच्या टाक्या आडव्या टाकून दोरीने बांधून ठेवल्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत मी माझा मास्क शोधत होते, तेवढ्यात एका टाकीच्या गळ्याशी नजर अडकली. तिथे दोन टेप होत्या. खालची जुनी, कडा उचललेली, खाऱ्या पाण्याने अर्धी पुसलेली. तिच्यावर ३२ एवढंच वाचता येत होतं. तिच्यावर तिरकी चिकटवलेली नवी टेप आणि त्यावर मार्करने ५०. तारीख नाही, नाव नाही. टाकीच्या अंगावर जिथे तळहाताएवढा आकडा असायला हवा, तिथे नुसतं कोरं ॲल्युमिनियम. ज्याची टाकी होती तो शेजारीच फिन्सचे पट्टे ओढून बघत बसला होता. माझ्याहून कितीतरी अनुभवी, पाण्यात अत्यंत शांत. ज्याच्याबरोबर खाली जायला कुणीही आनंदाने तयार होईल असा माणूस. मी विचारलं, ‘यात नक्की काय आहे?’ तो हसला आणि म्हणाला, ‘अगं, मला माहितीये ना त्यात काय आहे!’

त्या दिवशी वाईट काही झालं नाही. त्याला माहीत होतं ते बरोबरच होतं: टाकीत पन्नास टक्के ऑक्सिजन होता, ठरलेल्या जागी त्याने तो घेतला आणि आम्ही सगळे वर आलो. तरीही ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्यात उद्धटपणा नव्हता, बेफिकिरीही नव्हती, उलट मला धीर द्यायचा होता त्याला. म्हणूनच कदाचित ते जास्त खुपलं.

खोल जाणाऱ्या माणसाला एका टाकीवर भागत नाही. पाण्यावर हवेचा दाब एक वातावरण असतो, खाली दर दहा मीटरला तो आणखी एका वातावरणाने वाढतो, आणि त्या दाबाबरोबर श्वासातल्या प्रत्येक वायूचा वाटाही वाढत जातो. ऑक्सिजनचा हा वाटा, म्हणजे त्याचा आंशिक दाब, पोहताना, काम करताना १.४ वातावरणांच्या आत आणि वर येताना शांतपणे थांबलेलं असताना फार तर १.६ पर्यंत ठेवायचा, हा आम्हा सगळ्यांचा पाढा. त्या हिशेबाने शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरपर्यंत चालतो. अर्धा ऑक्सिजन असलेला नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन आणि नायट्रोजनचं मिश्रण, एकवीस मीटरपर्यंत. साठ मीटरवर जायचं तर अठरा टक्के ऑक्सिजन आणि पंचेचाळीस टक्के हेलियमचा ट्रायमिक्स (उरलेला नायट्रोजन) पाठीवर घ्यावा लागतो. म्हणजे एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी तीन वायू असतात. साठ मीटरवर त्याला जगवतो तो पाठीवरचा; काखेखाली लटकलेल्या ऑक्सिजनचा एक श्वास त्याच जागी सात वातावरणांच्या दाबाने फुप्फुसात शिरेल. वर येताना मात्र त्याच ऑक्सिजनमुळे शरीरात मुरलेला नायट्रोजन आणि हेलियम लवकर बाहेर पडतो, थांबण्याचा वेळ घटतो. टाकी तीच, तिची जागा चुकली की ती जीव घेते.

आणि या वायूंना ना वास, ना चव. सगळ्या टाक्या एकाच घडणीच्या, सगळ्यांना सारखेच रेग्युलेटर, म्हणजे टाकीतला वायू तोंडापर्यंत पोचवणारी उपकरणं, तोंडात धरायची रबरी चावणीही सारखीच. जीभ, नाक, हाताचा स्पर्श, ज्यांच्या भरवशावर आपण जमिनीवर इतकं काही ओळखतो, त्यांतलं काहीही इथे कामाला येत नाही.

दाबाखालचा ऑक्सिजन झटके आणतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी शेकडो प्रयोग केले आणि १९४७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या निष्कर्षांमधली एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. माणसामाणसांत सहनशक्तीचा फरक असेल हे समजू शकतं. पण तोच पाणबुड्या, तीच खोली, तोच वायू, आणि आज जे सहज पेललं ते दुसऱ्या दिवशी पेलेलच असं नाही. म्हणजे ‘मला एवढं चालतं’ हे वाक्य या विषयात कुणालाच म्हणता येत नाही. पुष्कळदा झटक्याआधी कसली सूचनाही मिळत नाही. कोरड्या जागी असा झटका आला तर ऑक्सिजन कमी केल्यावर माणूस बहुधा सावरतो. पाण्यात तोंडातून रेग्युलेटर निसटतो, आणि पुढचं सगळं पाणीच ठरवतं.

माझ्या सरांनी या विषयाच्या पहिल्याच तासाला दोन टाक्या समोर ठेवल्या होत्या. एकीवर वायूचं नाव आणि टक्केवारी, दुसरीवर फक्त एक भला मोठा आकडा. ‘चाळीस मीटरवर आहेस, गार पडली आहेस, दिवा नीट लागत नाहीये. कुठली टाकी तुझ्याशी बोलेल?’ असं त्यांनी विचारलं. टक्केवारी वाचली तर डोक्यात भागाकार करावा लागतो. खोलीचा आकडा वाचला तर मनगटावरच्या खोलीमापकाच्या आकड्याशी ताडून पाहिलं की झालं. खाली डोकं थोडं मंदावलेलं असतं. नायट्रोजनची गुंगी असते, ती कमी करायला तर हेलियम घालतात. हाताला काम, नजरेला अंधार, मनात वेळेचं गणित. ‘हिशेब वर, उन्हात बसून करायचा. खाली फक्त उत्तर न्यायचं,’ सर म्हणाले. टाकीत काय आहे हा प्रश्न भरणाऱ्याचा. पाण्यात असलेल्याचा प्रश्न एवढाच, की हा वायू कुठपर्यंत चालेल? म्हणून टाकीच्या अंगावर ती खोली लिहायची. २१. किंवा ६. दुसरं काही नाही.

त्यापुढे ‘मीटर’ लिहायचं की नाही, यावर मी पूर्वी कधी विचारच केला नव्हता, कारण माझ्या आजूबाजूला सगळेच मीटरवाले होते. मग एका मिश्र गटात ते लक्षात आलं. फुटांत मोजणाऱ्यांच्या ऑक्सिजनच्या टाकीवर २० असतं, कारण सहा मीटर म्हणजे साधारण वीस फूट. आणि मीटरात मोजणाऱ्याच्या डोळ्यांना २० दिसलं की त्याचा हात पन्नास टक्क्यांच्या टाकीकडे जातो, कारण त्याच्या लेखी एकवीसच्या आसपास तीच. एक शुद्ध ऑक्सिजन, दुसरा निम्मा. मध्ये पंधरा मीटरचं अंतर, आणि आकडे जवळजवळ जुळे. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा अंगावर काटा आला. तेव्हापासून मी एकक लिहिल्याशिवाय टाकी सोडत नाही आणि गटात कुणी नवीन असलं की बोटीवरच विचारून घेते.

रंगांवर भिस्त ठेवणारेही भेटतात. हिरवा पट्टा, पिवळं अंग, पांढरा खांदा. पण अमेरिकेत ऑक्सिजनचा रंग हिरवा आणि युरोपात ऑक्सिजनच्या सिलिंडरचा खांदा पांढरा. प्रवास करणाऱ्या माणसाने कुठला रंग मनात धरायचा? शिवाय पाणी आधी लाल रंग गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. पहिल्या काही मीटरांतच लाल तपकिरी दिसू लागतो आणि आणखी खाली सगळं करड्या-निळ्या छटेत विरघळतं. दिव्याच्या झोतात रंग परत उमटतो हे खरं, पण तो झोत नेमका तिथे पडायला हवा. पांढऱ्या पट्टीवरचा काळा आकडा मात्र अंधुक उजेडातही काळाच राहतो. रंगीत रबर, रंगीत नळी हे सोबतीला असू द्यावं, माझी हरकत नाही. पण आकड्याची जागा त्यांना देऊ नये.

मला आकडे चिकटवायला आवडतं, अगदी मनापासून. टाकी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून कोरडी केलेली. बोटाच्या टोकाने मिठाचा शेवटचा कण तपासलेला. पट्टी एका कडेपासून हळूहळू सरकवत बसवायची, खाली हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, कारण तिथूनच ती सुटायला लागते. आकडा सात-आठ सेंटिमीटर उंच, टाकीच्या लांबीला समांतर, म्हणजे टाकी अंगालगत आडवी तरंगते तेव्हा तो सरळ वाचता येतो. आणि तो दोन्ही बाजूंना. का, हे मला बरेच दिवस नीटसं कळलं नव्हतं. सांगितलं म्हणून करत होते. मग एकदा पाण्यात सहज मान वळवून माझ्याच टाकीकडे पाहिलं. मला दिसली ती तिची आतली बाजू, तीही अर्धी काखेत गेलेली. बाहेरची बाजू मला कधीच दिसणार नव्हती. तिच्यावरचा आकडा माझ्यासाठी नव्हताच. तो शेजारून पोहणाऱ्यासाठी होता.

त्याला माहीत होतं. मला नव्हतं.

त्या बोटीवरच्या वाक्यात मला काय खुपत होतं ते मग सापडलं. त्याच्या माहितीवर माझा अविश्वास नव्हता. पण त्याच्या डोक्यातली माहिती पाण्याखाली मला वाचता येत नाही. बोलता येत नाही तिथे. त्याचा हात चुकीच्या रेग्युलेटरकडे गेला तर मी त्याचं मनगट कशाच्या जोरावर धरायचं? माझा वायू संपला आणि त्याने आपली टाकी पुढे केली, तर ती मी किती मीटरवर तोंडाला लावायची? आकडा नसला तर मी फक्त बघ्या राहते. जोडीदार म्हणवून घेऊनही राखण करू शकत नाही.

टाकी अंगावर बाळगण्याची पद्धतही याच धाग्यात ओवलेली आहे. गळ्याशी एक बोल्ट स्नॅप, म्हणजे अडकवायची कडी, टाकीच्या अंगावर खालच्या भागात पट्ट्याला दुसरा. वरचा अंगावरच्या पट्ट्याच्या खांद्याजवळच्या डी-रिंगला (D आकाराच्या कडीला), खालचा कमरेच्या. दोन्ही स्नॅप जाड दोरीने बांधलेले, धातूला धातू जोडलेला नाही, कारण काही अडकलंच तर सुरीने कापता आलं पाहिजे. नळी टाकीच्या अंगावरच्या रबरी पट्ट्यांखाली घडी घालून दाबलेली, एकही वळसा बाहेर लोंबणारा नाही. डाव्या बाजूला घेतलेली टाकी कडेवरच्या मुलासारखी असते: ती कुठे आहे हे न बघता कळतं, आणि जरा सरकली की शरीर आपोआप तोल बदलतं. ॲल्युमिनियमची म्हणूनच घेतात. अकरा लिटरच्या टाकीत २०० बारला भरलेल्या वायूचंच वजन अडीच किलोच्या आसपास असतं. तो वापरून झाला की तीच टाकी हलकी होऊन शेपटीकडून वर उचलू लागते. पोलादाची टाकी मात्र खालीच ओढत राहते, आणि खोल पाण्यात ती काढून दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली तर ते ओझं दोघांना भारी पडतं.

दोन टाक्या असतील तर त्या कुठे अडकवायच्या, यावर पाणबुड्यांमध्ये जुना वाद आहे. एक पंथ म्हणतो, ऑक्सिजन जास्त असलेली उजवीकडे, कमी असलेली डावीकडे, म्हणजे हाताच्या बाजूवरूनच वायू कळेल. दुसरा म्हणतो, सगळ्या डावीकडे. मी दुसऱ्यातली. उजव्या बाजूने माझी दोन मीटरची लांब नळी येते, जोडीदाराचा वायू संपला तर ती सुटसुटीत त्याच्या हाती जायला हवी. तिच्या वाटेत टाकी नको. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. बाजूवरून वायू ओळखायची सवय लागली की डोळे आकड्याकडे जायचे थांबतात. टाकी अंधारात काढून ठेवली, परत घेताना भलत्या बाजूला अडकवली, की सवयच वैरीण होते. पहिल्या पंथातही उत्तम, काटेकोर माणसं आहेत. त्यांच्याशी या मुद्द्यावर मी रात्र रात्र भांडले आहे आणि आमच्यातल्या कुणाचंच मत बदललेलं नाही.

वर येताना एकवीस मीटरवर थांबलो की सगळ्यांत जास्त जपून करायचं काम सुरू होतं. आधी दोघंही स्थिर. मी मनगटावरची खोली पाहते, मग टाकीवरचा आकडा, मग जोडीदाराकडे टाकी किंचित झुकवते. त्याच्या दिव्याचा गोल माझ्या टाकीवर येतो, बाहेरच्या बाजूच्या २१ वर ठरतो, मग त्याच्या स्वतःच्या मनगटावर जातो. तो मान हलवेपर्यंत मी काही करत नाही. मग रबराखालून नळी मोकळी करते आणि टाकीच्या गळ्यापासून थेट तोंडाच्या तुकड्यापर्यंत बोटांनी तिचा माग काढते, कारण त्या क्षणी छातीशी तीन सारखे रेग्युलेटर असतात आणि हातात आलेला याच टाकीचा आहे हे नळीच सांगू शकते. मग व्हॉल्व्ह. तोवर तो बंदच असतो: पाण्यात शिरण्याआधी नळीत दाब भरून घ्यायचा आणि व्हॉल्व्ह मिटायचा, म्हणजे पाणी आत शिरत नाही, वायू वाया जात नाही, आणि गोंधळात भलताच रेग्युलेटर तोंडात गेलाच तर दोन-तीन श्वासांत तो कोरडा पडून आपल्याला जागं करतो. व्हॉल्व्ह फिरताना मणक्यापर्यंत जाणवणारी ती बारीक खरखर, दाबाचा काटा स्थिर, मग अदलाबदल. पहिल्या श्वासाला नवा वायू जरा वेगळा लागतो असं मला नेहमी वाटतं. चवीने नाही, हेलियम गेल्यामुळे तो छातीला किंचित जड लागत असावा. मग त्याची पाळी, आणि माझा दिवा त्याच्या टाकीवर.

त्याच्या आकड्याकडे पाहताना मला दर वेळी थोडी भीती वाटते. स्वतःच्या बाबतीत वाटते त्यापेक्षा जास्त.

अर्थात आकडा खरा असेल तरच हे सगळं. म्हणून वायू तपासायचा तो स्वतः, पाण्यात जाण्याआधी, स्वतःच्या हाताने. ऑक्सिजनची टक्केवारी मोजणारं यंत्र आधी साध्या हवेवर २०.९ ला आणायचं, मग टाकीचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून वायू संथ सोडायचा आणि आकडा थरथरून स्थिर होईपर्यंत थांबायचं. हेलियम नुकतंच भरलं असेल तर वायू आत नीट मिसळायला वेळ लागतो; घाईत घेतलेलं माप पुढे बदलू शकतं. यंत्रातला सेन्सरही जुना होतो, दोन-तीन वर्षांत दमतो. भरणाऱ्याने सांगितलं ते ऐकून घ्यायचं, आभार मानायचे आणि तरीही तपासायचं. त्यात कुणाचा अपमान नाही. मग गळ्याशी टेप: मिश्रण, तारीख, आपलं नाव. अंगावरचा मोठा आकडा वायूची हद्द सांगतो, गळ्यावरची टेप सांगते की ती हद्द कुणी आणि कधी पडताळली. आणि शंभर मीटरच्या घरातल्या डुबकीसाठी दहा टक्के ऑक्सिजनचं मिश्रण असेल, तर ते पृष्ठभागावर घेतलं की माणूस बेशुद्ध पडेल. त्या टाकीवर खालची हद्द लिहून भागत नाही, वरचीही लिहावी लागते.

जमिनीवरचे नियम थोडक्यात सांगता येतील. टाकी उभी सोडून जायचं नाही. बोट हलली की ती पडते आणि व्हॉल्व्हवरच पडते. गाडीत आडवी, घट्ट बांधलेली, उन्हात तापू न देता. उचलायची ती गळ्याला धरून, नळीला धरून कधीच नाही. ऑक्सिजनच्या टाकीजवळ तेलकट हात नको, ग्रीस नको, आणि तिचा व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. झटक्यात उघडला तर दबलेल्या वायूची उष्णता आतल्या घाणीला पेटवायला पुरेशी असते.

माझा खरा आग्रह आहे तो टेप काढण्याबद्दल. लावायला सगळे शिकवतात, काढायला फारसं कुणी शिकवत नाही. त्या बोटीवरच्या टाकीचा निम्मा घोटाळा तिथेच होता: ३२ ही एके काळी खरी असलेली गोष्ट होती आणि ती तिथेच राहून गेली होती. टाकी भरायला द्यायच्या आधी मी जुनी टेप नखाने पूर्ण उचलते, चिकट डाग राहिला तर तोही पुसते. टेप नसलेल्या टाकीचा अर्थ एकच: तपासलेली नाही, तोंडाला लावायची नाही. अर्धी वापरलेली असेल तर टेप राहू देते, पण पुढच्या वेळी पुन्हा तपासून नवी तारीख घालते. अंगावरच्या मोठ्या आकड्याचं मात्र वेगळं. माझ्या २१ च्या टाकीत पन्नास टक्क्यांखेरीज दुसरं काही भरत नाही, ६ च्या टाकीत शुद्ध ऑक्सिजनच. मध्यंतरी एका मैत्रिणीला एका दिवसापुरती साध्या नायट्रॉक्ससाठी टाकी हवी होती आणि माझी २१ ची रिकामी पडली होती. ‘वरून टेप लाव ना, एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे,’ ती म्हणाली. मी नाही म्हटलं. ती थोडी दुखावली. मग आम्ही दोघींनी मिळून दुसऱ्या एकाकडून आकडा नसलेली टाकी मिळवली, तिच्यावर तिचाच आकडा चिकटवला, दोन्ही बाजूंना.